पिटबुल, लोकांची भीती आणि गेटची कडी: नागपूरकर नेहमी विचारतात ते प्रश्न

आमच्या घरी बबली आहे. पिटबुल, मादी, सात वर्षांची, वजन २२ किलो, अंगाचा रंग विटकरी आणि छातीवर पांढरा पट्टा. मानेवाड्याकडे राहतो आम्ही. या सात वर्षांत पानठेल्यावर, जनावरांच्या डॉक्टरकडच्या लाईनमध्ये, लग्नाच्या पंगतीत, व्हॉट्सॲपवर, जिथे तिथे तेच ते प्रश्न येऊन राहिले आणि मी दरवेळी नव्यानं टाईप करून राहिलो, म्हणून म्हटलं एकदाच बसून सगळं लिहून काढावं. प्रश्न लोकांनी जसे विचारले तसेच ठेवले आहेत, फक्त शिव्या काढल्या. मी डॉक्टर नाही, वकील नाही, ट्रेनर तर नाहीच नाही. कुत्रं पाळणारा साधा माणूस आहे आणि यातल्या बऱ्याच गोष्टी आधी चुकून मग शिकलोय.

१. पिटबुल म्हणजे नेमकी कोणती जात? अमेरिकन बुली म्हणजे तोच काय?

खरं सांगायचं तर ही एक जात नाहीच, चार-पाच जातींना लोकांनी मारलेला एक शिक्का आहे. इंग्लंडमध्ये पूर्वी बैलाला खुंटीला बांधून त्याच्यावर कुत्रे सोडायचे आणि पैसे लावायचे, १८३५ मध्ये कायद्यानं ते बंद झालं तर शौकीन लोकांनी बुलडॉग आणि टेरियर यांचा संकर करून कुत्र्यांनाच एकमेकांवर सोडायला सुरुवात केली, ते ज्या खड्ड्यात लढवायचे तो 'पिट'. तिथून हे कुत्रे अमेरिकेत गेले. तिकडच्या युनायटेड केनेल क्लबनं अमेरिकन पिट बुल टेरियरची नोंद १८९८ पासून ठेवली, पण अमेरिकन केनेल क्लब त्या नावाची जात आजही मानत नाही, त्यांच्याकडे १९३६ पासून अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर आहे. ब्रिटनचा स्टॅफर्डशायर बुल टेरियर अजून तिसरा. अमेरिकन बुली अलीकडचा, रुंद छातीचा, जड अंगाचा, स्वभावानं बराच थंड म्हणून तयार केलेला, आणि त्याची एक्सएल साईज म्हणजे वेगळंच प्रकरण. बाकी अस्सल पिटबुल १६ ते २७ किलोचा असतो, म्हणजे आपल्या गल्लीतल्या बऱ्याच लॅब्रॅडॉरपेक्षा हलका. हे ऐकून लोकांना धक्काच बसते.

२. रस्त्यानं दिसलेलं कुत्रं पिटबुलच आहे हे ओळखायचं कसं?

डोळ्यानं ओळखता येते असं वाटते, पण येत नाही. २०१५ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात फ्लोरिडातल्या शेल्टरमधल्या १२० कुत्र्यांची डीएनए टेस्ट केली. तिथल्या स्टाफनं, त्यात व्हेट पण होते, मिळून ६२ कुत्र्यांना पिटबुल छाप म्हटलं होतं, डीएनएत तसे निघाले फक्त २५. रोज कुत्र्यांत राहणाऱ्यांचं हे असं, तर आपल्या चौकातल्या एक्सपर्टचं काय घेऊन बसता. आपल्याकडे डोकं मोठं, केस बारीक आणि गळ्यात जाड पट्टा दिसला की झालं पिटबुल. बॉक्सरचा क्रॉस, बुली कुत्ता, कधी कधी तर चांगलं खाऊन पिऊन धष्टपुष्ट झालेलं गावठी सुद्धा यात मोजलं जाते. याचा परिणाम बातम्यांवर कसा होतो ते पाचव्या प्रश्नात आहे.

३. त्याचा जबडा लॉक होते म्हणतात, मग उघडतच नाही, खरं काय?

नाही. लॉक होईल असा कोणताच सांधा, खटका, काहीच त्याच्या जबड्यात नाही, इतर कुत्र्यांसारखाच जबडा आहे. खरी गोष्ट अशी की हे कुत्रं पकडलं की सोडत नाही आणि डोकं झटकते, ते पिढ्यान् पिढ्या तसंच निवडून वाढवलेलं आहे. जर्मन शेफर्ड साधारण एकदा चावून मागे सरकेल, हे धरून ठेवेल. म्हणजे लॉक खोटं असलं तरी जखम जास्त खोल होऊ शकते हे खरंच आहे, आणि पिटबुलवाले 'लॉक वगैरे अफवा आहे' म्हणून जिथे थांबतात तिथून पुढे खरं तर बोलायला पाहिजे.

४. हे कुत्रं जन्मतःच डेंजर असते की सगळं मालकावर असते? एका वाक्यात सांगा भाऊ.

एका वाक्यात नाही होत, भाऊ. सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच आहे आणि सगळ्यात जास्त भांडणं पण यावरच झाली आहेत, आमच्या साळ्यासोबत तर दिवाळीत.

एक बाजू अशी. २०२२ मध्ये 'सायन्स' या मासिकात मोठा अभ्यास आला, १८ हजारांवर कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले आणि २ हजारांवर कुत्र्यांचे जीन्स तपासले, त्यात निघालं की एका कुत्र्याचा स्वभाव दुसऱ्यापेक्षा वेगळा का, यात जातीचा वाटा फक्त ९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जात पाहून एखाद्या कुत्र्याचा स्वभाव सांगणं हे आडनावावरून माणूस सांगण्यासारखंच. अमेरिकेत २००७ मध्ये एका मोठ्या फुटबॉलपटूच्या, मायकल विकच्या, अड्ड्यावरून पन्नासेक लढाऊ पिटबुल पकडले होते, सगळ्यांना मारून टाका असं म्हणणारे पुष्कळ होते, पण बहुतेक वाचवले आणि त्यातले बरेच पुढे घरात, पोराबाळांत राहिले.

आता दुसरी बाजू, जी आमच्यासारखे मालक गिळून टाकतात. स्वभाव सांगता येत नसला तरी ताकद आणि पकड सांगता येते, आणि दुसऱ्या कुत्र्याशी भिडायची खुमखुमी यांच्यात जास्त सापडते, नाकारून काय फायदा. सशानं रागवणं आणि रानडुकरानं रागवणं यात राग सारखाच असेल, पण तुम्ही उभे कुठे राहाल ते सांगा. म्हणून 'सगळं मालकावर असते' हे वाक्य मला आवडत नाही, त्यात मालक स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेते. मालकानं आधी हे कबूल करायचं की माझ्या घरात जे आहे ते चुकलं तर मोठं चुकेल, मग पुढचं.

आणि चुकते कुठे, ते पण लोकांनी मोजलं आहे. अमेरिकेत २००० ते २००९ या दहा वर्षांत कुत्र्याच्या हल्ल्यात २५६ लोक गेले, त्या एकेका केसची पोलिसांपासून चौकशी करून २०१३ मध्ये अभ्यास छापला. ८७ टक्के केसमध्ये सोडवायला जवळ कोणी धडधाकट माणूस नव्हता, ८५ टक्क्यांत मेलेला माणूस कुत्र्याच्या ओळखीचा नव्हता, ८४ टक्के कुत्र्यांची नसबंदी नव्हती, ७६ टक्के कुत्रे घरच्यांपासून, माणसांपासून तोडून वेगळे ठेवलेले होते. आणि जात पक्की सांगता आली अशा केस फक्त १७.६ टक्के. मी ही यादी कागदावर लिहून फ्रीजला चिटकवली होती, बायकोनं काढून टाकली, पाहुण्यांना बरं नाही दिसत म्हणे.

५. मग बातम्यांत दरवेळी पिटबुलच काऊन असते?

थोडं खरं म्हणून आणि थोडं बातमी चालते म्हणून. आधी खरं. अमेरिकेत १९७९ ते १९९८ मधल्या २३८ मृत्यूंचा हिशोब केला तर पिटबुल छाप कुत्रे आणि रॉटवायलर मिळून निम्म्यापेक्षा जास्त होते, हा आकडा झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तो आकडा काढणाऱ्यांनीच सोबत लिहिलं होतं की जात ओळखण्यात चूक होते (वरचा दुसरा प्रश्न पहा) आणि त्या जातीचे एकूण कुत्रे किती हेच माहीत नसल्यानं धोका किती ते यावरून काढू नका, पण ते कोण वाचते.

आपल्याकडे हवा पेटली ती जुलै २०२२ मध्ये, लखनौला घरातल्याच पिटबुलनं ८२ वर्षांच्या आजीचा जीव घेतला तेव्हा. भयंकरच होतं ते. त्यानंतर आठ दिवस आमच्या गल्लीत मी बबलीला घेऊन निघालो की लोक पोट्ट्यांना आत ओढायचे, त्याआधी तीच पोट्टी तिच्या पोटावर हात फिरवायची. मी कोणाला काही बोललो नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही ओढलं असतं.

बाकी हे चक्र जुनं आहे. आमच्या लहानपणी डॉबरमनचा नंबर होता, त्याचा मेंदू म्हणे वाढत जातो, कवटीत मावत नाही आणि मग तो वेडा होऊन मालकालाच खातो. शाळेत आम्ही शपथेवर सांगायचो एकमेकांना. आज डॉबरमन पाहिला की कोणी वळूनही पाहत नाही. मेंदू मावायला लागला वाटते.

६. भारतात बॅन झाला होता ना? मग पाळणं बेकायदा आहे का?

सध्या देशभर बॅन नाही. झालं असं की १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं, २३ प्रकारच्या कुत्र्यांची आयात, ब्रीडिंग, विक्री यांना परवानगी देऊ नका आणि जे आधीच घरात आहेत त्यांची नसबंदी करा. यादीत पिटबुल, अमेरिकन स्टॅफर्डशायर, रॉटवायलर होते आणि एका ठिकाणी नुसतं 'टेरियर्स' असंही होतं, म्हणजे मांडीवर बसणारं यॉर्कशायर टेरियर पण आलं त्यात! कर्नाटक हायकोर्टानं १० एप्रिल २०२४ ला ते पत्र रद्द केलं, संबंधित लोकांचं म्हणणंच ऐकलं नाही म्हणून, आणि आठवड्याच्या आत दिल्ली हायकोर्टातही ते टिकलं नाही. पण काही शहरांचे आपले नियम आहेत, जसं गाझियाबाद पालिकेनं २०२२ मध्येच पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो बंद केले. बदली होऊन दुसरीकडे जाणार असाल तर घर पाहायच्या आधी तिथल्या पालिकेचा नियम पहा.

बॅननं फरक पडते का असंही लोक विचारतात. ब्रिटननं १९९१ मध्ये पिटबुलसह चार जाती बंद केल्या, लोकांनी त्या यादीत न बसणारा कुत्रा वाढवला, आणि २०२३ संपता संपता एक्सएल बुलीला पाचवा म्हणून यादीत घालावं लागलं. नेदरलँड्सनं पिटबुलबंदी लावली आणि २००८ मध्ये मागे घ्यायचं जाहीर केलं, कारण चावे काही कमी झाले नाहीत. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरानं १९८९ ची बंदी २०२० मध्ये मतदान घेऊन उठवली आणि परमिट सुरू केलं. मला विचाराल तर परमिटच बरं. बंदीत कुत्रं लपवलं जाते, आणि लपवलेलं कुत्रं ना डॉक्टरकडे जाते ना वॉकला.

७. नागपुरात लायसन लागते काय?

हो, पाळलेल्या प्रत्येक कुत्र्याची मनपात नोंदणी करावी लागते, पिटबुल असो की पॉमेरियन. रेबीजच्या लसीचं कार्ड लागेल ते आधी तयार ठेवा, आणि फी, फॉर्म वगैरे आपल्या झोन ऑफिसमध्ये विचारा कारण ते बदलत राहते. दहा झोन आहेत, आपला कोणता ते माहीत नसलं तर घराच्या टॅक्सच्या पावतीवर पहा. बरेच पिटबुलवाले मुद्दाम नोंदणी करत नाहीत, नावावर नको म्हणून. उद्या काही झालं तर बिननोंदणीचं कुत्रं हीच तुमच्याविरुद्धची पहिली ओळ असते.

८. सोसायटीनं मीटिंग घेऊन ठराव केला, महिन्याभरात कुत्रं काढा. काढावं लागेल का?

नाही. सोसायटी ठराव करून पाळीव कुत्रं घराबाहेर काढायला लावू शकत नाही, जात कोणतीही असो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना तेच म्हणतात, केरळ हायकोर्टानंही २०२१ मध्ये अशा अटी बेकायदा ठरवल्या. पण प्रिंटआऊट घेऊन मीटिंगमध्ये जाऊन आपटली म्हणजे झालं असं नाही, तिथेच राहायचं आहे तुम्हाला. आमच्या ओळखीच्या एकानं वेगळंच केलं, स्वतःच लिहून दिलं की लिफ्टमध्ये कोणी असलं तर मी पुढच्या फेरीची वाट पाहीन, कॉमन जागेत पट्टा आणि मझल (तोंडाला बांधायचं मुसकं) राहील, घाण मी उचलीन, लसीच्या कार्डाची कॉपी ही घ्या. ठराव बारगळला. चौथ्या माळ्यावरच्या काकू अजून जिन्यानं जातात, जाऊ द्या.

भाड्याच्या घराचं मात्र वेगळं आहे. घरमालकाला आधी सांगा आणि करारात लिहून घ्या, लपवून नेऊ नका.

९. पहिल्यांदाच कुत्रं घेऊन राहिलो, पिटबुल घेऊ का? कुठून घेऊ?

पहिल्यांदा असेल तर नका घेऊ. मी घेतलं होतं, म्हणूनच सांगून राहिलो. माझ्या हातात जे पिल्लू दिलं ते पाच आठवड्यांचं होतं, 'प्युअर लाईन आहे, आताच नेलं तर तुम्हाला ओळखेल' असं सांगून. २०१७ च्या ब्रीडिंगच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही आणि ब्रीडरची नोंदणी राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे पाहिजे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. इतक्या लवकर आईपासून तोडलेलं पिल्लू चावा किती जोरात घ्यायचा हे भावंडांत खेळून शिकतच नाही, ते शिकवण्यात माझे आठ महिने आणि तीन जीन्स गेल्या.

घ्यायचंच असेल तर आधी घरात दोन मोठे माणसं पाहिजेत ज्यांच्या हातात जोर आहे आणि ज्यांना रोज सकाळ-संध्याकाळ तासभर वेळ आहे. आठवड्यातून चार दिवस टूर असेल तर विषय संपला. पिल्लू घेताना आईला पाहायला मागा, ती माणसाजवळ येते की दूर पळते ते पहा, दाखवायला टाळाटाळ केली तर परत या. जे 'रील'साठी घेऊन राहिले त्यांना मी फोनवरच नाही म्हणतो, नंबर पण ब्लॉक.

१०. कच्चं मटण दिलं, साखळीनं बांधून ठेवलं, कान कापले की कुत्रं कडक होते म्हणतात. करावं का?

बाप्पा. कच्च्या मटणानं जंत होतील, कडकपणा नाही. चोवीस तास साखळीला बांधलेलं कुत्रं कडक होत नाही, घाबरट होते, आणि घाबरलेलं कुत्रंच चावते (चौथ्या प्रश्नातले ७६ टक्के आठवा). कान किंवा शेपटी शोभेसाठी कापणं म्हणजे प्राण्याचा अवयव छाटणं, ते १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये येते. कुत्र्यांच्या झुंजी लावणं पण त्याच कलमात. आता त्या कलमाचा पहिल्या गुन्ह्याचा दंड ऐका, १० ते ५० रुपये. तर्री पोह्याची प्लेट जास्त महाग पडते. म्हणून कायद्याचा धाक दाखवून काही होत नाही, तुमच्या ओळखीत कोणी असं करून राहिला असेल तर तुमीच त्याला तोंडावर बोला.

११. नसबंदी केली की कुत्रं ढिलं पडते काय?

नाही पडत. घरची राखण करणं, भुंकणं, खेळणं सगळं तसंच राहते, फक्त माजावर आलेल्या मादीच्या वासानं नर भिंत चढून पळायचं कमी होते. वजन वाढू शकते, तेव्हा खाणं मोजून द्या. कोणत्या वयात करायची ते डॉक्टरला विचारा, सेमिनरी हिल्सला आपलं व्हेटर्नरी कॉलेज आहे, तिथल्या दवाखान्यात सगळी सोय आहे.

१२. वॉकला कसं नेता? मझल लावणं क्रूर नाही का?

पट्टा चार-पाच फुटांचा, साधा, मजबूत, छातीभोवती बांधायच्या हार्नेसला लावलेला. ते लांब होत जाणारे गुंडाळीचे पट्टे पिटबुलसाठी अजिबात नाहीत, बारीक दोरी आहे ती, हात कापेल तुमचा. माझा नियम असा की ज्याला कुत्रं ओढून नेऊ शकत नाही त्यानंच पट्टा धरायचा, म्हणून आमच्या घरी मुलीच्या हातात बबलीचा पट्टा देतच नाही, ती कितीही रडली तरी.

मझल म्हणजे बैलाचं मुसकंच, आणि मुसकं बांधलं म्हणून कोणी शेतकऱ्याला क्रूर म्हणत नाही. पण प्रकार बरोबर पाहिजे. कापडी, तोंड आवळून बंद करणारी मझल नागपूरच्या उन्हात जीव घेईल, कारण कुत्रं जीभ बाहेर काढून धापा टाकूनच अंग थंड करते. पिंजऱ्यासारखी घ्या, ज्यात तोंड उघडता येते, पाणी पिता येते. पंधरा-वीस दिवस घरातच तिच्यातून खाऊ देऊन सवय लावा, मग बाहेर.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा सकाळी सहाच्या आत आणि रात्री नऊनंतर, मध्ये काही नाही. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पहा, तुम्हाला चटका बसला तर तिलाही बसेल. संध्याकाळी फुटाळा तलावावर नेऊ नका. गर्दी, फुगे, घोडे, लहान मुलांच्या बॅटरीच्या गाड्या, कोणाचंही डोकं फिरेल, कुत्र्याचं तर फिरेलच. आणि मारबतीची मिरवणूक निघते त्या दिवशी महाल-इतवारीकडे राहणाऱ्यांनी कुत्रं सकाळपासून आतल्या खोलीत कूलर लावून ठेवावं.

१३. गल्लीतले कुत्रे अंगावर येतात, भांडण लागलं तर सोडवायचं कसं?

आधी हे कबूल करा की बहुतेक वेळा चूक त्यांची नसते, तो त्यांचा इलाका आहे. रस्ता बदला, हातात पाण्याची बाटली ठेवा, आपल्या कुत्र्याला मागे घ्या आणि चालत राहा, पळू नका.

पकड लागलीच तर हात तोंडाजवळ नेऊ नका, सरळ ओढू पण नका, ओढल्यानं समोरच्याची कातडी फाटते. तोंडावर जोरात पाणी मारून पहा, नाहीतर पाठीमागून जाऊन मागचे दोन्ही पाय कमरेजवळून उचला, हातगाडी उचलतात तसे, आणि पकड सुटली की त्याच क्षणी मागे घ्या. दोन माणसं असली तर दोघांनी दोन कुत्रे. जे पिटबुल पाळतात त्यांच्याकडे दाढांच्या मधून घालायची लाकडी पट्टी असते, ब्रेक स्टिक म्हणतात तिला, ती फक्त याच जातीसाठी आहे, दुसऱ्या कुत्र्यावर वापरली तर ते उलटून तुम्हालाच चावेल. जखमी झालेल्या गावठी कुत्र्याचा दवाखाना तुमच्या खर्चानं करायचा, विचारायचं पण नाही.

१४. घरात लहान लेकरू आहे, चालेल का? पूर्वी यांना 'आया कुत्रा' म्हणायचे म्हणे?

ती आया कुत्र्याची गोष्ट पिटबुलवाल्यांनीच पसरवलेली आहे आणि तिला काही आधार नाही, कृपा करून फॉरवर्ड करू नका. खोट्या भीतीला खोटं कौतुक हे उत्तर नाही.

लेकरू आणि कुत्रं, मोठं माणूस समोर नसताना एका खोलीत नाही, एक मिनिट नाही, दारात भाजीवाला आला तरी नाही. हे लॅब्रॅडॉरलाही लागू आहे. कुत्रं जेवत असताना, झोपेत असताना हात लावायचा नाही हे लेकराला शिकवा. रांगणारं लेकरू असेल तर निदान दोन-तीन वर्षं नवीन कुत्रं आणू नका. घरात खूप म्हातारं माणूस असेल तरी हेच सगळं, लखनौची आठवण ठेवून.

१५. तुमचं कुत्रं कधी सुटलं का? खरं सांगा.

हो. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी.

संध्याकाळची वेळ, पोट्टे धोतर-फेटा बांधून आपापले लाकडी नंदी घेऊन घरोघरी फिरून राहिले होते, आमच्या दारात सात-आठ जण उभे, बायको ताटात पैसे आणि खाऊ घेऊन बाहेर, आणि मी गेट लोटलं पण कडी नाही लावली. बबली माझ्या पायामधून निघाली. मला फक्त एवढं आठवते की पोट्टे किंचाळले आणि सगळे नंदी धडाधड खाली पडले. तिनं कोणाला हात नाही लावला. तिनं एक नंदी तोंडात धरला, चाकांचा, चांगला हातभर, आणि शेपटी हलवत गल्लीच्या टोकापर्यंत घेऊन पळाली, मी मागे, माझ्यामागे अर्धी गल्ली. वीस पावलांवर तिला गाठली तेव्हा ती खेळून राहिली होती.

लॅब्रॅडॉरनं हे केलं असतं तर व्हिडिओ काढला असता लोकांनी. त्या दिवशी कोणी हसलं नाही. बाजूच्या काकू तीन महिने बोलल्या नाहीत, त्यांच्या नातवाला दोन रात्री ताप होता. आधी मला राग आला, काहीच तर केलं नाही तिनं, लोक विनाकारण तिच्यावर खार खाऊन आहेत असं वाटलं. मग रात्री डोक्यात आलं की त्या पोराला काय माहीत तिला नंदी पाहिजे की हात. त्याच्यासाठी ते वीस पावलांचं अंतर खरंच होतं.

आता दोन गेट आहेत. बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडत नाही, दोन्हीला आपोआप बंद व्हायची स्प्रिंग, कडी वर, भिंत सहा फूट. सिलेंडरवाला, दूधवाला, कुरिअरवाला यांच्यासाठी बाहेरच्या गेटला बेल आहे. पाटीवर 'कुत्र्यापासून सावधान' लिहिलं आहे, सोबत माझा मोबाईल नंबर. दात दाखवणारं चित्र नाही लावलं. त्या पोराला नवा नंदी घेऊन दिला, जुना दाताच्या खुणांसकट आमच्या शोकेसमध्ये आहे.

१६. चावलंच तर काय करायचं? कुत्र्याला लस दिली असली तरी इंजेक्शन लागते का?

आधी जखम, बाकी भांडण नंतर. नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणानं पूर्ण १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची, तेल काही लावू नका, घट्ट पट्टी बांधू नका. मग सरळ मेडिकल नाहीतर मेयो, ही आपली दोन सरकारी हॉस्पिटलं, त्यातलं जवळ जे असेल ते गाठा. कातडीत देतात ती लस चार वेळा असते, शून्य, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, एकही चुकवायची नाही. रक्त निघालं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) पण देतात, ते विसरलं जाते, तुम्ही आठवण करा. कुत्र्याला लस दिली असली तरी डॉक्टरकडे जायचंच, तिथे कार्ड दाखवा, पुढचं ते ठरवतील. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची. रेबीज एकदा दिसायला लागला की त्यावर इलाज नाही.

मालकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली केस होऊ शकते, जनावराबाबत निष्काळजीपणा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुकसान भरपाईचा दावा वेगळा. माझ्या मते मालकानं पोलिसांची वाट न पाहता स्वतः गाडी काढावी, दवाखान्यात थांबावं आणि बिल भरावं. काही विमा कंपन्या कुत्र्याच्या पॉलिसीत दुसऱ्याला झालेल्या इजेचं कव्हर देतात, पॉलिसी घेताना जातीची अट बारकाईनं वाचा.

१७. आमच्या शेजाऱ्याचं पिटबुल रोज मोकळं सुटते, सांगितलं तर भांडते. काय करू?

तारीख-वेळ टाकून फोटो, व्हिडिओ ठेवा. मनपाच्या झोन ऑफिसला लेखी तक्रार, कॉपी पोलीस स्टेशनला, पोच घ्या. कलम २९१ फक्त चावल्यावरच लागते असं नाही, चावण्याचा धोका असताना पुरेशी काळजी न घेणं हाच गुन्हा आहे. कुत्र्याला विष घालायचा, दांडक्यानं मारायचा विचार डोक्यात आला असेल तर काढून टाका, जनावर मारणं किंवा निकामी करणं यावर कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि गुन्हेगार तो शेजारी असताना जेलात तुम्ही जाल.

१८. आमचं कुत्रं घरच्यांवर गुरगुरते, एकदा तर दात पण लावला. ठेवायचं की नाही?

गुरगुरलं म्हणून मारू नका. गुरगुर म्हणजे ते सांगून राहिलं की बस, इथे थांबा. मार देऊन ती बंद केली तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. आधी डॉक्टरला दाखवा, कान दुखत असेल, कंबर दुखत असेल, थायरॉईड असेल, कितीतरी वेळा दुखणंच निघते. मग कुत्र्याच्या वागणुकीवर काम करणारा माणूस शोधा, जो पट्टा झटकून 'बॉस कोण ते दाखवा' म्हणते त्याला दारातूनच नमस्कार.

एकदा घाबरून ओरखडा निघाला आणि विनाकारण पाठीमागून येऊन खोल चावलं या दोन गोष्टी एक नाहीत. दुसरी झाली असेल आणि घरात लेकरू किंवा म्हातारं माणूस असेल तर ते कुत्रं त्या घरात राहू नये, असं मी पिटबुलवाला असूनही म्हणतो. माझ्या माहितीतल्या एका घरानं दोन वर्षं प्रयत्न केले आणि शेवटी डॉक्टरच्या सल्ल्यानं कुत्र्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलं. त्यांना लोक कसाई म्हणाले. त्या घरात त्यानंतर कुत्र्याचं नाव कोणी काढत नाही.

१९. आता सांभाळणं होत नाही, कोणाला देऊ? हायवेवर सोडून दिलं तर?

सोडणं हा पण कलम ११ खालीच गुन्हा आहे. आणि पिटबुल रस्त्यावर जगत नाही, वर्धा रोडवर सोडलं तर एक तर गावठी कुत्रे फाडतील, नाहीतर झुंजीवाला उचलेल, नाहीतर कोणी घाबरून दगडानं ठेचेल. आधी नसबंदी करा, मग ओळखीत घर शोधा, त्यांना आधीचा सगळा इतिहास सांगा, चावल्याचा असेल तर तो पण, लपवलं तर उद्या त्यांच्या लेकराला चावलं तेव्हा तुम्हाला झोप नाही लागणार. त्यांचं गेट जाऊन पहा, पंधराव्या प्रश्नातलं सगळं आहे का. फुकट द्यायचं असेल तरी चार भेटी झाल्याशिवाय देऊ नका. 'ब्रीडिंगसाठी पाहिजे' म्हणणाऱ्याला अजिबात नाही.

२०. बबलीला भेटायला येऊ का? आमचं पोरगं कुत्र्यांना खूप घाबरते.

या. उन्हाळ्यात रात्री आठनंतर, बाकीच्या दिवसात सहानंतर. बेल वाजवू नका, गेटवरून फोन करा, मी तिला आधी मागच्या खोलीत नेईन आणि मग तुम्ही बसल्यावर पट्ट्यानं आणीन. पोराला सांगा तिच्याकडे पाहायचं नाही, हात पुढे करायचा नाही, तीच येऊन वास घेईल. नसेल वाटत तर दुरूनच पाहू द्या, जबरदस्ती नको. आणि येताना लाकडाचं काही खेळणं आणू नका.